मध्येच बोलणारा श्रोता



एकत्र वाचनाविषयी बोला, असा निरोप आला तेव्हा आम्ही लगेच हो म्हटलं आणि मग दोन दिवस पस्तावलो. कारण या विषयावर बोलणं फार सोपं आहे. वाचन कमी झालं, मुलं मोबाईलला चिकटली, पूर्वी कशी घराघरातून पोथी चालायची, एवढं म्हटलं की टाळ्या मिळतात. ते आज नको. आम्ही एक लहानसा प्रश्न घेऊन आलो आहोत. चार माणसं एका पुस्तकाभोवती बसली आहेत, एकजण वाचतो आहे, बाकीचे ऐकताहेत. या ऐकणाऱ्यांपैकी कुणाला मध्येच बोलता येतं का? आणि आपल्या मराठी समाजात ही मुभा कुणाला, केव्हा आणि किती मिळाली?

हा प्रश्न आम्हाला का पडला ते आधी सांगायला हवं. आम्ही तत्त्वज्ञान शिकवायचो, एका तालुक्याच्या गावी. १९८३-८४ चं वर्ष असेल. बी.ए.च्या वर्गात प्लेटोचा ‘मेनो’ हा संवाद वाचत होतो. त्यात एक प्रसिद्ध प्रसंग आहे. ज्ञान म्हणजे आत्म्याला झालेली आठवण, हे दाखवण्यासाठी सॉक्रेटिस मेनोच्या एका गुलाम पोराला पुढे बोलावतो. जमिनीवर चौरस काढतो आणि विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती घ्यावी? पोरगा म्हणतो, दुप्पट. ते चुकतं. मग म्हणतो, दीडपट. तेही चुकतं. मग मला माहीत नाही म्हणतो. आणि मग प्रश्नांच्या आधाराने कर्णापाशी येऊन पोचतो. फार सुंदर प्रसंग आहे, आम्ही तो दरवर्षी रंगवून सांगायचो. त्या दिवशी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, त्या पोराचं नाव काय होतं?”

वर्ग हसला. आम्हीही हसलो. म्हणालो, “नाव महत्त्वाचं नाही रे, भूमिती महत्त्वाची आहे.” तो बसला. वर्षभरात त्याने पुन्हा काही विचारलं नाही. त्याचे वडील सालगडी होते, हे आम्हाला पुढे केव्हातरी कळलं. आता सालगड्याला मालकाच्या वाड्यात काय म्हणतात, तुम्हाला ठाऊक आहे. गड्याला हाक मारा, गड्याला भाकर द्या. नावाचं काम पडत नाही.

प्लेटोने त्या पोराला नाव दिलेलं नाही. पुस्तकभर तो मेनोचा गुलाम आहे. आणि जर त्याच्या आत्म्याला तीच भूमिती आठवते आहे जी त्याच्या मालकाच्या आत्म्याला आठवेल, तर मग तो गुलाम का? प्रसंग संपल्यावर तो परत कुठल्या कामाला गेला? सॉक्रेटिस हे विचारत नाही. त्या मुलाने विचारलं होतं. अख्खं सत्र पुरलं असतं असा तो प्रश्न होता आणि आम्ही तो एका वाक्यात मिटवला. आम्हाला वाटत होतं, आमच्या वर्गात चर्चा चालते. प्रत्यक्षात आम्ही पुराण सांगत होतो.

पुराण हा शब्द आम्ही तुच्छतेने वापरत नाही, बरं का. देवळात, वाड्याच्या ओसरीवर पुराणिकबुवा चार महिने ग्रंथ लावायचे, त्यामुळे ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं अशा लाखो माणसांना ग्रंथ कळला. बायकांना तर दुसरा मार्गच नव्हता. पण तिथली बसण्याची रीत बघा. बुवा उंच, श्रोते खाली. श्रोत्याचं काम हुंकार देणं. शंका विचारायची तर ती भाविकाने विचारायची, म्हणजे जिचं उत्तर पोथीत आधीच आहे अशी. गंमत अशी की खुद्द ज्ञानेश्वरीत श्रोते मध्ये बोलतात. ज्ञानेश्वर विषयांतरात रमले की त्यांना मुद्द्यावर आणतात. म्हणजे ही रीत आपल्याला अगदी परकी नव्हती. पण सातशे वर्षं पारायणं झाली ती त्या श्रोत्यांच्या बोलण्यासकट ओव्या म्हणण्याची. समोर बसलेल्याने नव्याने काही बोलावं, हे त्या पारायणात धरलेलं नाही.

मग एकोणिसाव्या शतकात वाचनाच्या जागा वाढू लागल्या. रत्नागिरीला १८२८ मध्येच ग्रंथालय निघालं होतं. १८४८ हे साल तर लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या एकाच वर्षी पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, जी आज आपण पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखतो. त्याच वर्षी मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आपली साहित्य आणि शास्त्रविषयक सभा काढली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखांत, म्हणजे ज्ञानप्रसारक मंडळ्यांत, एकाने निबंध वाचायचा आणि इतरांनी त्यावर बोलायचं, अशी पद्धत होती. आणि त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंची मुलींची शाळा सुरू झाली. तिन्ही ठिकाणी माणसं पुस्तकाभोवती बसली होती. पण लायब्ररीत वर्गणी भरणारे, मंडळीत कॉलेजात पोचलेले, आणि भिडे वाड्यात ज्यांना या दोन्ही दारांतून आत कुणी घेतलं नसतं त्या मुली. आम्हाला तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची वाटते, ती केवळ आदरापोटी नव्हे. पुढच्या पस्तीस वर्षांत मराठीत मध्येच बोलणारा श्रोता जो जन्माला आला, तो या जागेच्या आसपास.

त्याचा पहिला अवतार म्हणजे विदूषक. जोतीरावांचं ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ चं. एक गरोदर कुणबीण आहे. जोशी येतो, ग्रह वाईट आहेत म्हणून भीती घालतो, जपजाप्य आणि भोजनाचा खर्च नवरा-बायकोच्या गळ्यात मारतो, नवरा कर्ज काढतो. पुढे एक पाद्री भेटतो, बोलणं होतं, आणि शेवटी दोघं फुले पतिपत्नींनी काढलेल्या रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतात. गोष्ट एवढीच. पण प्रत्येक वळणावर विदूषक तोंड घालतो. जोशी बोलतो, विदूषक बोलतो. पाद्री बोलतो, विदूषक बोलतो. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा खाऊगडी. हा तसा नाही. ओसरीवर बसलेल्या, हुंकार देणाऱ्या श्रोत्याला एकदा जर वाचा फुटली तर तो काय काय म्हणेल, ते हा म्हणतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारलं. जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त ही हकिकत स्वतः नोंदवली आहे. छापून यायला १९७९ उजाडलं. म्हणजे विदूषकाला आपलं म्हणणं छापील पानावर बघायला सव्वाशे वर्षं लागली.

‘गुलामगिरी’ १८७३ ची, आणि ती संवादात आहे. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. आमच्यासारख्या तत्त्वज्ञानवाल्याला इथे प्लेटो आठवणारच. आणि खरं सांगायचं तर धोंडिबा कधी कधी प्लेटोच्या पात्रांसारखाच जरा जास्त लवकर पटवून घेतो. आमचं हे मत पुष्कळांना आवडत नाही. पण एक फरक आहे. धोंडिबाला नाव आहे.

आता आम्ही आजच्या मुख्य गोष्टीकडे येतो. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून झाला. त्याच्या उपोद्घातात जोतीराव सांगतात की हा ग्रंथ लिहीत असताना त्यांनी तो पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. बडोद्याला सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला आणि मदत केली. छपाईचं काय झालं? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’त पहिली दोन प्रकरणं आली आणि पुढे थांबली. जोतीराव त्याबद्दल संतापले आणि तो संताप त्यांनी लिहूनही ठेवला. लोखंडे काही परके नव्हते, चळवळीतलेच होते. पत्र चालवणाऱ्या माणसाच्या अडचणी असतात, हेही आपण समजून घेऊ. पण परिणाम असा झाला की मराठीतलं शेतीवरचं हे मोठं पुस्तक, ज्यांच्याविषयी ते होतं त्यांनी वाचण्याआधी ऐकलं. आधी सभा, मग छापखाना.

ओतूरला किंवा हडपसरला ती सभा कशी भरली असेल, याचं टिपण आपल्याकडे नाही. पण पुस्तकाचा पोत बघा. कोर्टकचेरीत कारकुनाला काय द्यावं लागतं, पाटाचं पाणी कसं मिळतं, जंगलखात्याने कुरणं घेतल्यावर जनावरांचं काय झालं, शेतकऱ्याच्या घरात उतरंडीला काय आहे आणि अंथरुणाला काय आहे. हा तपशील ऐकणाऱ्याच्या घरचा आहे. ज्याच्या घरचं वर्णन चाललं आहे तो समोर बसला आहे म्हटल्यावर वाचणाऱ्याला थापा मारता येत नाहीत. जोतीराव एकटे बसून लिहिणारे लेखक नव्हते, एवढं आम्ही खात्रीने म्हणू. ते वाचून दाखवत दाखवत लिहीत होते. आपल्याकडे साहित्याच्या इतिहासात ग्रंथ केव्हा प्रसिद्ध झाला याची नोंद असते. तो केव्हा आणि कुणासमोर वाचला गेला, याचा रकानाच नसतो.

याच सुमाराला बुलढाण्यात एक बाई वर्तमानपत्र वाचत होत्या. ताराबाई शिंदे. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, जन्मलेल्या मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून बायकांच्या अनीतीवर जो उपदेश सुरू झाला त्याने ताराबाई भडकल्या आणि १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून आली. या पुस्तकाबद्दल सामाजिक अंगाने पुष्कळ बोललं जातं. आम्हाला एका वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. ताराबाई त्यात त्या काळची गाजलेली पुस्तकं तपासायला घेतात. हळब्यांची ‘मुक्तामाला’, रिसबुडांची ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ नाटक. या लेखकांनी बायका कशा रंगवल्या आहेत आणि का, असा त्यांचा सवाल आहे. म्हणजे एक वाचक पान उलटायचं थांबवून लेखकाला म्हणते आहे, थांबा, हे तुम्ही कुणाबद्दल लिहिलंत? समीक्षा हा शब्दसुद्धा रुळलेला नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

पण ताराबाईंना वाचनमंडळ नव्हतं. हे फार महत्त्वाचं आहे. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक विचारांचे, घरात पुस्तकं होती, एवढंच. बरोबर बसून वाचणाऱ्या चार बायका नव्हत्या. पुस्तकावर टीका झाली, आणि ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला माहीत नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापलं तेव्हा मराठी वाचकाला कळलं की अशी कुणी होती. एकटीने मध्येच बोलायचं आणि खोलीत ऐकायला कुणी नाही, म्हणजे काय होतं त्याचं हे उदाहरण.

त्या काळात त्यांची बाजू घेऊन छापील उभं कोण राहिलं? जोतीराव. १८८५ च्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात. आणि याच १८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरायची होती. पहिली १८७८ मध्ये रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने झालेली, जिच्यापासून आपण आजही साहित्य संमेलनांची मोजणी करतो. या दुसऱ्या सभेचं आमंत्रण जोतीरावांना गेलं. त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांना नकाराचं पत्र लिहिलं, ते ‘ज्ञानोदया’त छापून आलं. त्याचा आशय असा की, जे सर्व माणसांना माणूस म्हणून हक्क द्यायला मनापासून तयार नाहीत त्यांच्या सभेशी आणि पुस्तकांशी आमच्या सभेचं आणि पुस्तकांचं जमायचं नाही.

आम्ही विद्यार्थी असताना आम्हाला हे पत्र म्हणजे जोतीरावांचा तुटकपणा म्हणून शिकवलं गेलं. रानडे एवढे समंजस, त्यांनी बोलावलं, यांनी जायला हवं होतं. पुढे कित्येक वर्षं आम्हीही तसंच शिकवलं. आज आम्हाला तसं वाटत नाही. रानड्यांच्या हेतूविषयी शंका घ्यायचं कारण नाही, त्यांनी खरोखरच बोलावलं होतं. पण बैठकीत जागा देणं वेगळं आणि बैठकीत मध्येच बोलू देणं वेगळं. १८५५ मध्ये ज्याचं नाटक परत आलं, १८८३ मध्ये ज्याचं पुस्तक अर्ध्यात छापायचं थांबलं, त्याला हा फरक पाठ होता. तो ओतूरच्या मंडळींत बसून आला होता. तिथे ऐकणारा माणूस हुंकार द्यायला आलेला नव्हता.

रानड्यांच्याच घरात बघा ना. रमाबाईंच्या आठवणी १९१० मध्ये आल्या, आपल्यापैकी पुष्कळांनी वाचल्या असतील. त्या इंग्रजी शिकतात, बायकांच्या सभेला जातात, चारचौघांत वाचून दाखवतात. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला होता. आणि घरी आल्यावर सासरच्या थोरल्या बायका बोलत नाहीत, टोमणे मारतात. बाईने मनात वाचलं तर चालेल, पोथी ऐकली तर उत्तम, पण चार बायकांनी एकत्र बसून वाचायचं आणि त्यावर बोलायचं म्हणजे घर बुडालं. त्या थोरल्या बायकांना एकत्र वाचनाची ताकद सुधारकांपेक्षा नीट कळली होती, असं आम्हाला कधी कधी वाटतं.

पुढचा पल्ला आम्ही भरभर ओलांडतो. गावोगाव पारावर ‘केसरी’ वाचला गेला. १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांनी पाक्षिक काढलं, त्याचं नावच ‘मूकनायक’. १९५८ मध्ये दादरला दलित साहित्य संमेलन भरलं आणि उद्घाटनाला अण्णाभाऊ साठे उभे राहिले, ज्यांचं शालेय शिक्षण जवळजवळ झालंच नव्हतं. हे एकेक स्वतंत्र व्याख्यानाचे विषय आहेत. आपल्याला परत वर्गात जायचं आहे.

कारण वर्गात काय झालं? एवढ्या सगळ्या इतिहासानंतर आम्ही प्राध्यापक मंडळींनी वर्गात काय आणलं? संदर्भासह स्पष्टीकरण. रसग्रहण करा. कवीला काय म्हणायचे आहे ते तुमच्या शब्दांत लिहा, आणि तुमचे शब्द गाईडमध्ये छापून तयार. ‘गुलामगिरी’ अभ्यासक्रमाला लागली, ‘असूड’ लागला, ‘स्त्रीपुरुष तुलना’ लागली. चांगलं झालं. आणि आम्ही तीही पुराणासारखी सांगितली. विदूषकाचं कार्य स्पष्ट करा, दहा गुण. आम्ही स्वतः हा प्रश्न पेपरात काढलेला आहे. (हशा) हसू नका, उत्तरपत्रिका तपासल्या आहेत आम्ही. साठ मुलांनी विदूषक मध्ये बोलतो असं लिहिलं होतं, एकाच वाक्यरचनेत.

निवृत्तीनंतर सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या वाचनालयाच्या माडीवर शनिवारी संध्याकाळी बसायला सुरुवात झाली. दहा-बाराजण. दोन शिक्षक, एक निवृत्त परिचारिका, सोसायटीचे सचिव, एक भिक्षुकी करणारे गृहस्थ, झेरॉक्सचं दुकान चालवणारा तरुण, आणि आम्ही. पहिले काही शनिवार फार छान गेले, असं आम्हाला वाटलं. चौथ्या का पाचव्या बैठकीनंतर त्या परिचारिका ताई जिना उतरताना म्हणाल्या, “सर, आज तुम्ही बावन्न मिनिटं बोललात. मी घड्याळ लावलं होतं.” बैठक एक तासाची असते.

त्यानंतर आम्ही एक पद्धत लावली. पुस्तक फिरतं. प्रत्येकजण एक परिच्छेद मोठ्याने वाचतो. ऐकणाऱ्यापैकी कुणालाही काही वाटलं तर त्याने हात वर करायचा आणि वाचणाऱ्याने वाक्याच्या मध्येसुद्धा थांबायचं. आम्ही शेवटी बोलायचं, आणि बोललंच पाहिजे असं नाही. काम फार हळू चालतं. ताराबाईंचं ते चिमुकलं पुस्तक, त्याला आम्हाला चार महिने लागले. एका शनिवारी तर दोनच वाक्यं झाली. वाचणारे सचिव होते. नवऱ्याच्या वागणुकीवरचा भाग आला, ताईंनी हात वर केला आणि वॉर्डातल्या भाजलेल्या बायकांविषयी बोलायला लागल्या. पोलीस जबाब घ्यायला आले की त्या बायका काय सांगायच्या आणि ताईंना एकट्यात काय सांगायच्या. कुणी मध्ये बोललं नाही. पुस्तक सचिवांच्या मांडीवर उघडंच राहिलं.

मागच्या वर्षी ‘तृतीय रत्न’ घेतलं. नाटक असल्यामुळे भाग वाटून वाचायचं ठरलं. कुणबी, बाई, पाद्री, सगळे पटापट गेले. विदूषकासाठी भांडण. जोशाचा भाग घ्यायला कुणी तयार नाही. तेव्हा आमचे भिक्षुकी करणारे स्नेही म्हणाले, “आणा इकडे, माझाच आहे तो.” आणि त्यांनी तो वाचला, पत्रिका बघतानाच्या खऱ्या स्वरात, बोटांवर ग्रह मोजत. विदूषक झाला होता झेरॉक्सवाला पोरगा. तिसऱ्या पानाला तो विदूषकाची वाक्यं सोडून स्वतःचीच बोलायला लागला. आजीच्या श्राद्धाला किती खर्च झाला, कुणी किती सांगितले, सगळे आकडे. भिक्षुक स्नेही थांबले. चष्मा काढला. आम्हाला वाटलं, आता हे उठतात. ते म्हणाले, “अरे, तुझ्या आजीचं मीच केलं होतं. तेव्हा का नाही बोललास?”

पोरगा म्हणाला, “तुम्ही वर पाटावर होतात काका.”

त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही. चहा आला, दोघं खिडकीशी उभे राहून बराच वेळ बोलत होते, काय ते आम्हाला ऐकू आलं नाही. पुढच्या शनिवारी दोघेही आले. पुढचं पुस्तक कोणतं, असा विषय निघाला तेव्हा आम्ही ‘मेनो’ सुचवला आहे. त्यातल्या भूमितीच्या भागाचं मराठी आमचं आम्हीच करतो आहोत. गुलामाचा भाग कोण वाचणार, हे अजून ठरलेलं नाही.